एकशेचाळीस गाद्या आणि एक अल्बम

१८ मार्च २०२५, मंगळवार. दुपारी ३ वाजून ४२ मिनिटे.

वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात बसून भिवंडीहून आलेल्या प्लास्टिक बादल्या आवक रजिस्टरमध्ये चढवत होतो. बारा डझन, पैकी दोन फुटलेल्या. फोन थरथरला. बँडच्या ग्रुपवर एकच ओळ: प्रशिक लेफ्ट.

आधी वाटले, चुकून हात लागला असेल. मग ३.४४ ला त्याचा खासगी मेसेज आला. वरच्या पट्टीत दिसला तेवढा वाचला. प्रेम्या, राग नको मानू, मी जाऊन राहिलो, आणि पुढे तीन टिंबे. बाकीचा वाचायला मेसेज उघडावा लागतो. उघडला की त्याच्याकडे दोन निळ्या खुणा जातात. म्हणजे त्याला कळणार की मला फरक पडतो. उघडला नाही. आर्काइव्ह केला.

मला राग आलेला नाही. बादल्यांचा आकडा मात्र दोनदा खोडावा लागला. माझ्या रजिस्टरमध्ये सहसा खाडाखोड नसते.

सायंकाळी ५.३०. नोंद पूर्ण असावी म्हणून थोडी माहिती. बँडचे नाव टू पे. सोनिका गिटार वाजवते, दिवसा दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते. अपूर्व ड्रम वाजवतो, मिहानमधल्या कंपनीत शिफ्टची नोकरी. मी बेस गिटार आणि संपूर्ण व्यवस्था. प्रशिक फक्त गाणी लिहायचा, चाली लावायचा आणि गायचा.

नावही त्यानेच ठेवलेले, माझ्या टेबलावरच्या शिक्क्यावरून. बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, टू पे असले की भाडे माल घेणाऱ्याने द्यायचे, पेड असले की पाठवणाऱ्याने आधीच भरलेले. प्रशिक म्हणाला होता, आपल्या गाण्याचंही तसंच आहे बे, जो ऐकन तो भरन. तेव्हा मी हसलो होतो. आता नाव बदलणार. (ड्रमवर ₹४०० चे स्टिकर लावलेले आहे. सध्या नाव तेच.)

२० मार्च, गुरुवार. सकाळी ७.१०.

तो कुठे गेला ते कळले. मी विचारले नव्हते. आईने सांगितले. त्याच्या कामिनीमामीची गायन पार्टी आहे, तिथे मुख्य गायक झाला. भीमजयंतीचा सीझन, रोज एक कार्यक्रम. आई म्हणाली, चांगलं झालं बाप्पा, तुमच्या त्या धडामधडीत पोराचे शब्दच ऐकू येत नव्हते. मी सांगितले की त्या धडामधडीची सर्व जुळवाजुळव मी करतो. आई म्हणाली, हाव, मले वाटलंच.

निश्चय. प्रशिकशिवाय अल्बम करायचा. आठ गाणी. २५ मेपर्यंत. गाणी मी लिहीन आणि मीच गाईन. बी. कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडले असले तरी माझ्या लिहिण्यात चूक सापडत नाही. बिल्टीवर एक वेलांटी हलली तर माल दुसऱ्या गावी जातो, ही शिस्त कॉलेजात मिळत नाही.

ग्रुपवर नियम टाकले. नियम १ ते ३ वेळेबद्दल. नियम ४: जो गेला त्याचे नाव घेतल्यास ₹१० दंड, दर वेळी, जागेवर. दंडाची पेटी माझ्या टेबलावर. (या वहीत लिहिलेले धरायचे नाही. वही खासगी आहे.)

२३ मार्च, रविवार. सायंकाळी ६.

गोदामात पहिली सभा. रविवारी गोदाम बंद असते, विश्वनाथ सेठ किल्ली देतात. त्यांची अट एकच, मालाला हात लावायचा नाही.

सोनिका आल्या आल्या म्हणाली, अरे पण प्रशिक तर. मी पेटी पुढे केली. तिने दहा रुपये टाकले आणि म्हणाली, ऐकून तर घे ना बाप्पा, प्रशिकनं तुले मेसेज. पुन्हा दहा. मग तिने पर्सची चेन लावली आणि म्हणाली, बस मग, माझा पगार एवढा नाही.

नियम काम करत आहेत.

त्याचा माइक इथेच राहिला आहे, काळ्या पाऊचमध्ये. न्यायला येईल तेव्हा पाहू.

२ एप्रिल, बुधवार. दुपारी १.१५, जेवणाची सुट्टी.

आठही गाणी लिहून झाली. नावे: हरकत नाही. मी ठीक आहे. तुझी जागा भरली. फोन करू नकोस. पोच पावती. मोकळा स्टँड. सूचना. आणि शेवटचे, पुन्हा मी ठीक आहे.

पहिल्याचे ध्रुवपद: तू निघालास तीन बेचाळीसला, माझी काहीच हरकत नाही. यात वेळ अचूक असल्यामुळे ताकद येते.

सोनिकाला वाचून दाखवली. तिने विचारले, हे सगळे गाणे एकाच माणसावर काहून आहेत? मी सांगितले, ही समाजावर आहेत. ती म्हणाली, समाज तीन बेचाळीसले निघाला का?

तिला कविता कळत नाही. गिटार बरी वाजवते.

१४ एप्रिल, सोमवार. सायंकाळी ७.४०.

आई पांढरी साडी नेसून चारलाच निघाली. म्हणाली, प्रशिकचा कार्यक्रम आहे, येतोस तर चल. मी म्हणालो, अल्बमची कामे आहेत. आई म्हणाली, आजच्या दिवशी कामं?

मी कार्यक्रमाला गेलो नाही. त्या बाजूने जात होतो. मंडपामागच्या पानठेल्याजवळ उभा राहिलो, फक्त साउंड कसा लावला आहे ते पाहायला. तांत्रिक अभ्यास. दोन तास दहा मिनिटे.

निरीक्षणे: तबला जास्त. हार्मोनियम कमी. माइक भाड्याचा, वरच्या पट्टीत फाटत होता. गायक ठीक. दुसऱ्या अंतऱ्याआधी तो श्वास घेताना मान डावीकडे टाकतो, ती सवय अजून गेलेली नाही. पूर्वी डावीकडे मी उभा असायचो.

आई पुढच्या रांगेत होती. टाळ्या वाजवत होती. घरी आल्यावर तिने मला विचारले, पानठेल्यावर तुझं खातं आहे का?

१६ एप्रिल, बुधवार. दुपारी १२.०५.

तो आला होता. गोदामाच्या फाटकावर. मी चौकीदाराला आधीच सांगून ठेवले होते की त्याने विचारले तर म्हणायचे, रेकॉर्डिंग चालू आहे. बुधवार होता, रेकॉर्डिंग काही नव्हते. मी खताच्या पोत्यांमागे उभा राहून पोती मोजत होतो. एकूण ८६.

दहा मिनिटे उभा होता. मग गेला. चौकीदार येऊन म्हणाला, भाऊ, तो म्हणे, प्रेम्याले सांगा, सोळा तारीख आहे.

मला तारीख माहीत आहे. तारखेचा शिक्का माझ्याच टेबलावर असतो.

उघड आहे, माइक न्यायला आला होता. मी दिला नाही. कारण त्याने मागितला नाही.

पोती पुन्हा मोजली. ८४.

२० एप्रिल, रविवार. सायंकाळी ५.

पहिले रेकॉर्डिंग. अपूर्वचा लॅपटॉप. अडचण: गोदाम मोकळे आहे आणि वर पत्रे. मी एक ओळ म्हणालो की ती तीनदा परत येते. अपूर्व म्हणाला, भाऊ, एकदाच ऐकाले त्रास होऊन राहिला, तीनदा कायले? तो इको म्हणत होता.

कूलर लावला की माइकमध्ये विमान उतरते. बंद केला की आपण उतरतो. आज ४३ डिग्री.

उपाय शोधीन. प्रत्येक अडचणीला उपाय असतो. हा स्वभावाचा भाग आहे.

२१ एप्रिल, सोमवार. सकाळी ११.२०.

उपाय स्वतः ट्रकमध्ये बसून आला. पानिपतहून गाद्या. एकशेचाळीस नग, कापसाच्या, डबल शिलाई. माल घेणार: यमुताई बिछायत केंद्र, पारशिवनी. टू पे.

गाद्या आवाज शोषतात, हे विज्ञान आहे. एकशेचाळीस गाद्या उभ्या केल्या तर गोदामाच्या कोपऱ्यात स्टुडिओ तयार होतो. मुंबईत लोक यासाठी लाख लाख रुपये देतात.

नियमाप्रमाणे माल उतरला की पार्टीला त्याच दिवशी फोन करायचा. सात दिवस माल फुकट राहतो, आठव्या दिवसापासून डॅमरेज, नगामागे रोज दोन रुपये. फोन उद्या करीन. आज नेटवर्क ठीक वाटत नाही.

२४ एप्रिल, गुरुवार. दुपारी ४.

यमुताईंचाच फोन आला. आवाज खणखणीत. म्हणाल्या, प्रेमानंद भाऊ, पानिपतवाला म्हणते माल निघून आठ दिवस झाले, माझ्या गाद्या कुठी आहेत गा? माझ्या तोंडून निघाले, गाडी बैतूलला बंद पडली आहे.

हे खोटे नाही. गाड्या बैतूलला बंद पडतात. मी फक्त कोणती ते सांगितले नाही.

२७ एप्रिल, रविवार. सायंकाळी ६.३०.

गाद्यांची खोली तयार. चार भिंती आणि छत. तार ओढून, सुतळीने बांधून, प्रत्येक गादीला नंबर. तारेने दोन गाद्यांना भोक पडले (क्र. ३१ आणि ७७). मालाला हात लावायचा नाही ही अट मी मोडलेली नाही, हातमोजे घातले होते.

हरकत नाही हे गाणे रेकॉर्ड झाले. माझा आवाज एकदम मऊ येतो. अपूर्वला विचारले कसा वाटला. तो म्हणाला, ऐकूच नाही आला, बढिया आहे. सोनिका म्हणाली, गाद्या आहेत तोवर ठीक आहे.

आतले तापमान ४७. गाणे चार मिनिटांचे होते. दुसऱ्या कडव्यानंतर अपूर्वच्या हातातून काडी निसटून गादीत रुतली. दोन मिनिटे चाळीस सेकंदांवर थांबवले. छोटी गाणी आजकाल जास्त चालतात.

३० एप्रिल, बुधवार. सकाळी १०.

यमुताई. मी म्हणालो, गाडी मुलताईला पोहोचली. त्यांनी विचारले, बैतूल ते मुलताई सहा दिवस? गाडी आहे का गोगलगाय?

मी म्हणालो, सामान नाजूक आहे. त्या म्हणाल्या, गाद्या आहेत गा त्या, काचा नाही.

४ मे, रविवार. सायंकाळी ५.५०.

अपूर्वच्या आईने त्याच्या खिशात कांदा घालून पाठवले, उन्ह लागू नये म्हणून. मी चौघांसाठी, म्हणजे तिघांसाठी, कांदे आणि कैरीचे पन्हे आणले. तरी मी ठीक आहे हे गाणे एक मिनिट पन्नास सेकंदांवर थांबवावे लागले, कारण अपूर्व ठीक नव्हता. त्याला चार गाद्यांवर (क्र. १०१ ते १०४) निजवले. त्यासाठी छत काढावे लागले.

पाच गाणी झाली. तीन राहिली. वेळापत्रकाच्या पुढे आहोत, मिनिटांत मोजले तर मागे.

स्टँडवर माझा माइक लावला आहे. त्याचा पाऊचमध्येच आहे. एकदा उघडून पाहिला, जाळी गंजली आहे का म्हणून. नाही. तो गाण्याआधी चघळतो त्या लवंगेचा वास त्याला अजून येतो.

८ मे, गुरुवार. दुपारी २.३०.

यमुताई. आज माझी गाडी पांढुर्ण्यात होती. त्या शांत झाल्या, ते मला आवडले नाही. म्हणाल्या, शनिवारी लगन आहे पारशिवनीत. तीनशे पाहुणे. मंडप माझा, बिछायत माझी, नाव माझं. कायच्यावर झोपवू लोकाइले, तुह्या बिल्टीवर?

उद्या सकाळी सर्व गाद्या पाठवायच्या. पक्के. टेम्पोवाल्याशी बोललो आहे.

९ मे, शुक्रवार. सकाळी ९.०५.

अपूर्वला उद्याची सुट्टी मिळाली. सेठ उद्या अकोल्याला जाणार. असा योग पुन्हा येणार नाही. टेम्पो सोमवारी सांगितला.

पूर्ण विचार केला आहे. लग्नाला आलेली माणसे तशीही झोपत नाहीत. मी अनेक लग्नांत पाहिले आहे. पत्ते खेळतात, गप्पा मारतात. गादी ही फक्त अपेक्षा असते.

१० मे, शनिवार. सायंकाळी ७.

दोन गाणी झाली. सात पूर्ण. यमुताईंचे अकरा मिस्ड कॉल. फोन गादी क्र. १२ च्या आत होता, त्यामुळे खरोखर ऐकू आला नाही. विज्ञान सिद्ध झाले.

११ मे, रविवार. सकाळी ११.

सोनिकाने फोन पुढे केला. व्हिडिओ. मी सुरुवातीला ओळखले नाही, मग त्याने श्वास घेताना मान डावीकडे टाकली.

पारशिवनीचे लग्न. कामिनीमामीच्या पार्टीचा कार्यक्रम तिथेच होता, हे मला कोणी सांगितले नव्हते. कोणी सांगणार कसे, नियम ४. कार्यक्रम दहाला संपणार होता. दहाला माइक बंद झाला, कायदा आहे. पण लोक उठेनात, कारण उठून जायचे कुठे. झोपायला गाद्याच नव्हत्या. मग कोणी म्हणाले, अजून एक म्हण. तो बिनमाइकचा गायला. मग अजून एक. तीनशे माणसे चटयांवर बसलेली. उजाडेपर्यंत. शेवटी नवरा-नवरीसुद्धा मांडवात येऊन बसली.

व्हिडिओत एक आजी म्हणते, गाद्या नाही आल्या तं बरंच झालं वं, नाही तं आपण झोपून गेलो असतो.

सकाळी अकरापर्यंत सव्वा लाख लोकांनी पाहिला होता.

अपूर्व म्हणाला, प्रशिक तर सुटला भाऊ. दहा रुपये घेतले.

तांत्रिकदृष्ट्या पाहता हे यश व्यवस्थेचे आहे. व्यवस्था कोणाची होती, हे मी इथे लिहीत नाही. पण ग्रुपवर लिहिले.

१२ मे, सोमवार. दुपारी ३.

आज बुद्ध पौर्णिमा. आईने डब्यात खीर दिली होती. झाकण काढले आणि यमुताई आल्या. टेम्पो घेऊन, स्वतः पुढे बसून. साठीच्या बाई, नऊवारी, डोळ्यावर काळा चश्मा. मला विचारलेही नाही. सरळ कोपऱ्यात गेल्या.

गाद्यांच्या खोलीसमोर उभ्या राहिल्या. तार पाहिली, सुतळी पाहिली, नंबर पाहिले. म्हणाल्या, हे काय गा, माझ्या गाद्याइले फाशी काहून देली?

मी सांगितले की हा स्टुडिओ आहे. त्यांनी आत डोके घातले, बाहेर काढले आणि म्हणाल्या, पांढुर्णा बरंच गरम आहे.

सेठ ओरडत नाहीत. हिशेब करतात. रजिस्टर उघडून पेन्सिलने मांडले. आले एकवीस एप्रिलला. आज बारा मे. एकवीस दिवस, सात फुकट, चौदा राहिले. चौदा गुणिले एकशेचाळीस गुणिले दोन. ₹३,९२०. पार्टीला कळवलेच नाही, म्हणून डॅमरेज कळवणाऱ्याच्या माथी. मग पेन्सिल ठेवून त्यांनी विचारले की उद्यापासून टेबलावर दुसरा माणूस बसवू का. मी तारखेचा शिक्का जवळ ओढून घेतला.

यमुताई मधेच म्हणाल्या, राहू द्या सेठ. त्या रातीनं माझं नाव झालं. लोकं म्हणतात, यमुताईच्या मांडवात झोप भेटत नाही, गाणं भेटते. चार लगनाच्या ऑर्डरी आल्या, सगळ्याइले तोच पोरगा पाहिजे. याले काढू नका, याच्याकडून वसूल करा.

सेठने वसूल करायचे ठरवले. चार हप्ते.

भोक पडलेल्या दोन गाद्या यमुताईंनी घेतल्या नाहीत. नगाला ₹५५० प्रमाणे मला विकल्या. जाताना माझा खिरीचा डबा पाहिला. मी पुढे केला. त्यांनी घेतला.

१८ मे, रविवार. सायंकाळी ६.१५.

शेवटचे गाणे, पुन्हा मी ठीक आहे. गाद्यांशिवाय. दोन गाद्या होत्या, त्या माझ्या दोन्ही बाजूंना लावल्या.

गाऊन झाल्यावर अपूर्वने वाजवून दाखवले. पूर्ण गोदामात माझा आवाज पहिल्यांदा ऐकला, पत्र्याखाली, स्वच्छ. बाहेर एक ट्रक मागे घेत होता, त्याचे पीं पीं पीं गाण्याच्या सुरात होते. गाणे नव्हते.

सोनिका गिटारची तार पुसत हळूच म्हणाली, प्रेम्या, तू बेस चांगला वाजवतोस. मी विचारले, आणि गाणे? ती म्हणाली, बेस खरंच चांगला वाजवतोस.

हा अभिप्राय सकारात्मक धरला आहे.

२५ मे, रविवार. सकाळी ८.

अल्बम प्रसिद्ध. ठरलेल्या तारखेला. नाव: संपूर्ण. आठ गाणी, एकूण चौदा मिनिटे. मुखपृष्ठावर आम्ही तिघे, मागे गाद्या. फोटो एप्रिलमध्येच काढून ठेवला होता, नियोजन म्हणतात ते हेच.

आजपासून नौतपा, उन्हाळ्याचे सर्वांत तापलेले नऊ दिवस. ४५ डिग्री. लोक घरातच बसतील, म्हणजे ऐकतील.

३१ मे, शनिवार. दुपारी १.

सहा दिवसांत एकूण ३१ वेळा ऐकला गेला. पैकी १९ वेळा मी, तपासणीसाठी. ६ वेळा आई. तिला बंद करता येत नव्हते. राहिले सहा.

एक कॉमेंट आली. यमुताई: मागच्या गाद्या माझ्या आहेत.

१ जून, रविवार. दुपारी ४.२०.

सोनिका गिटार न्यायला आली होती. पेटी उघडून दहाची नोट टाकली. मी विचारले, कशाबद्दल? ती म्हणाली, ॲडव्हान्स. आता मधात बोलू नको. प्रशिक सोळा एप्रिललेच वापस येणार होता. तुले लिहून गेला होता. आम्हाले वाटलं तू वाचून चिडला. मग समजलं, तू वाचलाच नाही. सांगाले गेलो तं पेटी.

आणि गेली.

४.३५. मेसेज उघडला. पंच्याहत्तर दिवसांनी. उतरवून ठेवतो, जसा आहे तसा.

प्रेम्या, राग नको मानू. मी जाऊन राहिलो पण पंधरा एप्रिलपर्यंतच. मामीचा गायक बिमार पडला, सीझनच्या कमाईवर तिचं वर्ष निघते. ग्रुप तुझ्या सूचनाइनं दिवसभर वाजते, मामी चिडते, म्हणून तिथून निघून राहिलो. सोळाले येतो. तवरिक माझा माइक सांभाळ. प्रॅक्टिस बंद नको करू. माझे गाणे तूच म्हण, तुले सगळे पाठ आहेत. आवाजाचं आल्यावर पाहू.

४.३६ ला निळ्या खुणा गेल्या. परत आणता येत नाहीत.

४.५०. उत्तर लिहिले. अकरा ओळी. खोडले. पुन्हा चार ओळी. खोडले. पाठवले: माइक माझ्याकडे आहे. सुरक्षित.

४.५३ ला त्याचे आले. वाचला का बे? मले वाटलं डिलिव्हरीच झाली नाही. मग दुसरे. आता डिसेंबरपर्यंत तारखा देल्या आहेत, यमुताई सोडत नाही. आठ तारखेले पारशिवनीतच आहो. माइक पाठवून दे, भाड्याचा फाटते. मग तिसरे. टू पे नको करू.

मी लिहिले, मला माहीत आहे फाटतो. मग वाटले, तो विचारेल कसे माहीत. त्याने विचारले नाही. लिहिले, पानठेल्यावरून दिसला होतास तू.

५.३०. हिशेब. आजअखेर.

झालेला खर्च. बेसच्या तारा ₹१,८५०. अल्बम अपलोड, एका वर्षाची फी ₹१,१९९. माइक स्टँड ₹६५०. मुखपृष्ठाचा फोटो ₹५००. तार, सुतळी, हातमोजे ₹३१०. कांदे, कैरी, साखर ₹२४०. डॅमरेज, पहिला हप्ता, काल पगारातून ₹९८०. एकूण ₹५,७२९.

देणे. विश्वनाथ सेठ, उरलेले तीन हप्ते ₹२,९४०. यमुताई, दोन गाद्या ₹१,१००. (एकीवर मी झोपतो. दुसरी आई कोणाला बसू देत नाही, म्हणते प्रशिक आला की त्याला होईल.) एकूण ₹४,०४०.

अल्बमचे उत्पन्न ₹०.

प्रशिकला द्यायचा माल: माइक, काळ्या पाऊचसह, एक नग. पार्सलने पाठवला तर भाडे ₹८०. स्वतः घेऊन गेलो तर पारशिवनी बस, जाऊन येऊन, साधारण ₹१८०. दोन्ही पेड.

दंडपेटीत जमा: सोनिका ₹३०, अपूर्व ₹१०. बसला कमी पडणारे ₹१४०.

माझा दंड, या वहीत त्याचे नाव जितक्या वेळा लिहिले तितके, दर नावामागे ₹१०. मोजणी चालू आहे. एप्रिलपर्यंत आलो, बसचे जाण्याचे निघाले.